छप्पर अल्लाहचे, अटी कोणाच्या?

विदर्भाबाहेरच्या माणसाला आमचा उन्हाळा ठाऊक असतो, हिवाळा ठाऊक नसतो. मे महिन्यात भट्टीसारखा तापणारा हा प्रदेश डिसेंबरअखेर पार गारठून जातो. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसवर आला होता. आमची आर्वी त्याच पट्ट्यातली. कपाशी, तूर आणि संत्र्यांच्या शेतांनी वेढलेले तालुक्याचे गाव. मोकळ्या रानावरचे वारे रात्री गावात शिरले की पऱ्हाटीची शेकोटी करून बसलेल्यांची पोटे शेकतात, पाठी मात्र गारच राहतात. ज्याला घर आहे त्याच्यासाठी हा हुरड्याचा, गरम भाकरीचा आणि रजईचा मोसम. ज्याला घर नाही त्याच्यासाठी एकेक रात्र काढण्याचा.

असे लोक आपल्या गावात कुठे आहेत, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. ते आहेत, पण दिवसा ओळखू येत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत बाहेरून मजुरांच्या टोळ्या येतात. काम मिळाले की शेतमालक गोठ्याजवळ जागा देतो. काम मिळण्याआधीची आणि काम संपल्यानंतरची रात्र मात्र बसस्थानकावर जाते. भंगार वेचणारे असतात. मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे असतात. दारूपायी घर गमावलेले असतात. डोके ठिकाणावर नसलेली, कोणत्या गावची हेही सांगू न शकणारी माणसे असतात, आणि ती बहुधा दर्ग्याच्या ओसरीत किंवा मंदिराच्या पायरीवर सापडतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार माणसे बेघर असल्याची नोंद झाली. मोजणीची ती रात्र फेब्रुवारीअखेरची होती, तेव्हा थंडी ओसरलेली असते. डिसेंबरच्या रात्रीत जे मिटून गेले ते त्या मोजणीत येणार कुठून?

अशा माणसांसाठी मोहल्ल्यातल्या काही लोकांनी गेल्या काही हिवाळ्यांपासून एक छोटे काम चालवले आहे. मशिदीला लागून एक लांबट खोली आहे. एरवी तिथे जाजमे, मंडपाचे सामान आणि जनाजाची खाट ठेवलेली असते. डिसेंबर लागला की ती रिकामी करायची, फरशीवर ताडपत्री, तिच्यावर सतरंज्या अंथरायच्या. इशाच्या नमाजनंतर दार उघडायचे. दहा-पंधरा माणसे येतात. रात्री डाळ-भात, सकाळी चहा आणि टोस्ट. दोन तरुण पाळीपाळीने जागतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. काम एवढेच आहे आणि त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. पण या कामात रात्री जे प्रश्न पुढे येतात ते पैशांचे कमी आणि नीतीचे जास्त असतात. बी.एड.च्या अभ्यासात मूल्यशिक्षणाचा एक भाग होता. त्यातली मूल्ये यादीत ओळीने उभी होती; दारात ती एकमेकींच्या आड येतात.

पहिला प्रश्न नावाचा. आत येणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे, हे सगळ्यांना पटले. रात्री काही बरेवाईट झाले तर कोणाला कळवायचे, हे माहीत हवे. पण नाव लिहिले की नावातून जात कळते, धर्म कळतो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणाले, "आपा, यात आपले किती?" विचारणारा वाईट माणूस नव्हता. वर्गणी जमा करणाऱ्याला हा हिशेब द्यावा लागतो. आपल्या समाजात गरिबी इतकी आहे की आपल्यांचेच पुरे होत नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खोटेही नव्हते.

पण मशिदीच्या छपराखाली कोण झोपू शकतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. मदिनेत प्रेषितांच्या (स.) मशिदीच्या एका टोकाला छप्पर घातलेली एक जागा होती. तिला सुफ्फा म्हणत. घरदार, नातेवाईक, रोजगार काहीच नसलेले सहाबी तिथे राहत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच. आपण आज त्यांना हदीसचे थोर रावी म्हणून ओळखतो. त्या काळात ते भुकेने पोटाला दगड बांधणारे बेघर होते. म्हणजे इस्लामच्या इतिहासात मशीद आणि बेघरांचा निवारा एकाच छपराखाली सुरू झाले. पुढे आपण मशिदीला संगमरवर लावला, झुंबरे लावली, आणि इशानंतर कुलूपही लावले.

सुफ्फातले लोक मुसलमान होते, असे कोणी म्हणेल. मग ताइफच्या सकीफ जमातीचे शिष्टमंडळ आठवावे. ज्या ताइफमध्ये प्रेषितांना (स.) दगड मारून रक्तबंबाळ केले गेले, तिथलीच ही माणसे. हिजरी सन ९ मध्ये ती मदिनेला आली तेव्हा त्यांनी इस्लाम स्वीकारलेला नव्हता. तरी त्यांचे तंबू मशिदीतच ठोकले गेले, असे सीरतचे ग्रंथ सांगतात. नजरानच्या ख्रिस्ती मंडळींना तर त्यांची प्रार्थनाही तिथेच करू दिली गेली. शेख सादींच्या 'बोस्तान'मधली हजरत इब्राहीम (अ.) यांची गोष्ट आपल्या जुन्या मौलवींनी फारसी शिकवताना किती पिढ्यांना सांगितली असेल. एक म्हातारा पाहुणा जेवायला बसतो आणि अल्लाहचे नाव घेत नाही. तो अग्निपूजक आहे हे कळताच इब्राहीम त्याला उठवून लावतात. तेव्हा वही येते ती पाहुण्याला दोष देणारी नसते. ज्याला अल्लाहने शंभर वर्षे रोज जेवू घातले, त्याला तुम्ही एक वेळ सांभाळू शकला नाहीत, असा तिचा आशय आहे.

आणि आर्वीकरांना तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. हे गाव तेलंगराव वली यांनी वसवले असे मानतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात नोंद आहे की हिंदू त्यांना ब्राह्मण मानतात, मुसलमान त्यांना मुसलमान मानतात आणि त्यांच्या स्थानावर दोघेही माथा टेकतात. ज्या गावाला आपल्या संस्थापकाचा धर्म ठरवावासा वाटला नाही, त्या गावाने थंडीत कुडकुडणाऱ्या मजुराचा धर्म आधी विचारावा, हे शोभत नाही. आमच्या वहीत नाव, गाव आणि असल्यास नातेवाइकाचा फोन, एवढेच रकाने आहेत. "आपले किती?" या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. जितके आत झोपले तितके.

दुसरा प्रश्न पैशांचा दिसतो, पण मुळात तो मालकीचा आहे. रमजानमध्ये लोक जकात काढतात आणि त्यातली काही या कामासाठी देऊ पाहतात. इथे फिकहचे नियम आडवे येतात. बहुसंख्य फकीहांच्या मते जकात मुसलमान गरजूलाच देता येते. सदका मात्र कोणालाही देता येतो. यावरही जुनी चर्चा आहे. हजरत उमर (रजि.) यांनी भीक मागणाऱ्या वृद्ध यहुद्याला पाहून त्याच्यासाठी बैतुलमालमधून नेमणूक करून दिल्याची नोंद इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये आहे. पण आमच्यासारख्यांनी फतवे काढू नयेत. आम्ही सोपा मार्ग धरला. खोलीचा, डाळ-भाताचा, विजेचा खर्च लिल्लाह आणि सदक्यातून. जकातीचा पैसा वेगळ्या पाकिटात, वेगळ्या पानावर.

या वेगळ्या पाकिटानेच मला विचारात पाडले. हनफी मतानुसार जकात अदा होण्यासाठी तमलीक लागते. म्हणजे दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे. जकातीतून खोलीला पत्रे टाकता येत नाहीत, कारण पत्र्यांचा मालक कोणी गरीब होत नाही. जकातीतून कांबळे देता येते. पण एकदा दिले की ते त्याचे. सकाळी घडी घालून परत ठेव, असे म्हणता येत नाही. इथे काही जण बिथरले. "तो उद्या विकून दारू पिईल." पिईलही कदाचित. पण देणाऱ्याचा हात सुटल्याशिवाय देणे पुरे होत नाही, हेच तर हा नियम शिकवतो. आपण दिलेल्या कांबळ्यावर आपली नजर रोज राहणार असेल, तर त्या माणसाच्या अंगावर ऊब कमी आणि उपकार जास्त असतील. फिकहच्या पुस्तकातला हा कोरडा वाटणारा नियम गरिबाच्या इज्जतीचा केवढा मोठा पहारेकरी आहे, हे मला वही लिहिताना कळले. ज्याला आपण कांबळे देतो त्याला चुकण्याचा हक्कही देतो. आपल्या पगाराचे आपण काय करतो, हे कोणी दारात उभे राहून विचारत नाही.

तिसरा प्रश्न फजरचा. पहाटे अजान होते. शेजारी नमाज उभी राहणार आणि भिंतीपलीकडे माणसे घोरत पडलेली. त्यातले काही मुसलमान. त्यांना उठवावे की नाही? एका बुजुर्गांचे मत होते की मशिदीच्या छपराखाली झोपून नमाज चुकवणे बरे दिसत नाही. निदान आपल्यांना तरी सक्तीने उठवावे. त्यांच्या मनात कळकळ होती. जेवण आणि झोप यांच्याबरोबर दीनही मिळावा, असे त्यांना वाटत होते. श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या जगभरच्या निवाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. कुठे जेवणाआधी प्रवचन ऐकावे लागते, कुठे रांगेत उभे राहून भजन म्हणावे लागते.

माझे म्हणणे असे की बोलावणे आणि अट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अजान हे बोलावणे आहे. ती सगळ्यांना ऐकू येते. ज्याला उठायचे तो उठतो. ज्या क्षणी झोपायची जागा नमाजवर अवलंबून राहते, त्या क्षणी नमाज भाड्यासारखी होते. थंडीने हातपाय आखडलेला माणूस जागेसाठी रकातही करील आणि कपाळही टेकवील. पण तो सजदा कोणापुढे झाला? आमच्यापुढेच ना? सूरह बकरहमध्ये प्रेषितांना (स.) सांगितले आहे की लोकांना मार्गावर आणण्याची जबाबदारी तुमची नाही, ते अल्लाहच्या हाती आहे. मुफस्सिर सांगतात की हे मार्गदर्शन दानधर्माच्या संदर्भात, इस्लाम न स्वीकारलेल्या गरजूंना देण्याबाबत काहींच्या मनात संकोच निर्माण झाला तेव्हा आले. जो संकोच तेव्हा दूर केला गेला तो आपण पुन्हा दारात का उभा करावा? आमच्याकडे शेवटी एवढेच ठरले की वजूसाठी गरम पाण्याचे एक पातेले चुलीवर असावे. ज्याला वजू करायचे त्याने करावे, ज्याला नुसते तोंड धुवायचे त्याने तोंड धुवावे. पाणी एकच.

चौथा प्रश्न आभाराचा. आजकाल एक कांबळे देताना सहा जण त्याच्या चार कडा धरतात आणि सातवा मोबाइलवर फोटो काढतो. वर्गणी मिळवायला फोटो लागतात, हे मला ठाऊक आहे. तरीही सूरह दहरमध्ये खऱ्या दात्यांचे जे वर्णन आहे ते आठवले की हात थांबतो. ते गरिबाला, अनाथाला, कैद्याला जेवू घालतात आणि त्याबद्दल मोबदला तर सोडाच, आभाराचीही अपेक्षा ठेवत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. त्या वर्णनात कैदीही आहे, आणि त्या काळात कैदी म्हणजे बहुधा लढाईत पकडलेला शत्रू. ज्याचे तोंड फोटोत येणार आहे त्याला "नको" म्हणण्याची सोय असते का? पोटात डाळ-भात गेलेला माणूस नाही म्हणत नाही. म्हणून त्याच्या होकाराला काही किंमत नाही. आमच्या देणगीदारांना आम्ही रिकाम्या खोलीचा फोटो आणि खर्चाचा कागद पाठवतो. काहींनी देणे थांबवले. बहुतेकांनी थांबवले नाही.

या बाबतीत आमच्या विदर्भाच्या मातीत एक मोठा गुरू होऊन गेला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या, हजारो लोकांच्या रात्रीची सोय केली. स्वतः मात्र त्या इमारतींत राहिले नाहीत. बाहेर, झाडाखाली, झोपडीत राहिले. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवून टाकली. २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐन थंडीच्या दिवसांत, अमरावतीजवळ वाटेतच त्यांचे प्राण गेले. तमलीकचा नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता; पण दिलेल्या वस्तूवरून हात सोडणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? आपल्याकडेही मुसाफिरखान्यांची परंपरा आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हाजींच्या कित्येक पिढ्यांना माहीत आहे. २०२० साली साथीच्या दिवसांत पुण्याच्या आझम कॅम्पसमधील मशिदीचा मजला विलगीकरणासाठी दिला गेला, भिवंडीत एका मशिदीत ऑक्सिजनची सोय झाली. मशीद नमाजव्यतिरिक्त माणसांच्या उपयोगी पडू शकते, हे साथीत मान्य झाले. थंडीही दर वर्षी येणारी साथच आहे.

आतापर्यंत मी दार उघडे ठेवण्याच्या बाजूने बोलले. पण दाराला काही मर्यादा हव्यात की नाही? हा पाचवा आणि सर्वांत अवघड प्रश्न. दारू पिऊन आलेला माणूस आत घ्यायचा का? खोकल्याने बेजार झालेला, क्षय असावा अशी शंका येणारा माणूस इतर चौदा जणांच्या शेजारी झोपवायचा का? इथे केवळ "सगळे अल्लाहचे बंदे" म्हणून भागत नाही, कारण आत झोपलेले चौदा जणही बंदेच आहेत.

आमच्याच वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचे एक उत्तर दिले गेले आहे. १९३९ साली परचुरेशास्त्री नावाचे संस्कृत पंडित सेवाग्रामला आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता आणि त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. गांधीजींपुढे पेच होता. शास्त्रींना ठेवून घ्यावे तर आश्रमातल्या इतरांच्या जिवाचे काय, परत पाठवावे तर आपल्या धर्माचे काय? त्यांनी आश्रमवासीयांना विश्वासात घेतले, त्यांचा होकार मिळवला आणि शास्त्रींना आपल्या झोपडीजवळ वेगळी झोपडी करून दिली. पुढे ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. इथे दारही बंद झाले नाही आणि इतरांच्या भीतीची टवाळीही झाली नाही. वेगळी जागा दिली, पण ती लांब नव्हे, आपल्या शेजारी दिली. धोका विभागून घ्यायचा असेल तर मोठा वाटा यजमानाने उचलावा.

आम्ही यावरून दोन नियम केले. पिऊन आलेल्याला आत घ्यायचे, बाटलीला नाही. आणि त्याची जागा जागणाऱ्या तरुणाच्या बाजूला. खोकणाऱ्यासाठी ओसरीला पडदा लावून वेगळी जागा, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी, आणि बरोबर जाणारा माणूस आमचा. मारामारी करणाऱ्याला मात्र बाहेर जावे लागते. पण कांबळे त्याच्याबरोबर जाते.

श्रद्धेने चाललेल्या कामाला कसलीच तपासणी नको, असे मानणाऱ्यांनी तमिळनाडूतले एरवाडी विसरू नये. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांना ठेवून घेणारी घरे चालत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एका घराला आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जणांचा मृत्यू झाला. तिथे माणसे आणून सोडणारे नातेवाईक श्रद्धेनेच आले होते. निवारा आणि तुरुंग यांच्यात फरक कशाचा? कडी कोणत्या बाजूने आहे याचा. आमच्या खोलीची कडी आतून आहे. झोपणाऱ्याला रात्री दोन वाजता उठून जावेसे वाटले तर तो जाऊ शकतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही, हाही नियम आहे, कारण तिचा विषारी वायू वास न येता झोपेतच माणूस मारतो. हे नियम करायला कोणी आलिम लागत नाही, पण ते पाळणे हीसुद्धा इबादतच आहे असे मला वाटते.

सहावा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. बाईने कुठे झोपायचे? खोली मशिदीला लागून आहे, तिथे पुरुष झोपतात, म्हणून बाईला तिथे जागा नाही. इथवर ठीक. पण पुढे काय, यावर कोणी बोलत नव्हते. बसस्थानकावर गाठोडे उशाला घेऊन बसलेली बाई रात्रभर झोपत नाही. ती थंडीपेक्षा माणसांना भिते. तिची हया आपल्याला इतकी प्यारी आहे की तिला मशिदीजवळ येऊ द्यायचे नाही, आणि इतकी स्वस्त आहे की तिला उघड्यावर सोडायला हरकत नाही, हे कसे?

हजरत आयेशा (रजि.) यांच्या तोंडून आलेली एक हदीस बुखारीत आहे. एक काळी, गुलामगिरीतून मुक्त झालेली बाई. तिच्यावर दागिन्याच्या चोरीचा खोटा आळ आला, तिची अंगझडती झाली, आणि ज्या घारीने तो उचलला होता तिनेच तो आकाशातून टाकला. ती बाई त्या लोकांना सोडून मदिनेला आली. तिच्यासाठी मशिदीतच एक छोटा तंबू उभारला गेला. ती तिथे राही आणि हजरत आयेशांकडे येऊन गप्पा करी. चौदाशे वर्षांपूर्वी निराधार बाईसाठी मशिदीत जागा निघाली, आज मोहल्ल्यात निघू नये? शेवटी एका विधवा खालांनी आपल्या घराची पुढची खोली दिली. एका रात्री तिथे तीन बायका होत्या. एक कोरकू मजूर, एक आमच्याच जिल्ह्यातली म्हातारी आणि एक सासरहून निघालेली मुलगी. खालांना मी विचारले, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "घर एकटीलाच खायला उठायचं, बेटा. आता चार जणींना मिळून खाऊ दे." त्यांनी मोबदल्यात काही मागितले नाही, विजेचे बिल मात्र आम्ही भरतो, कारण चांगुलपणाची किंमत चांगल्या माणसानेच का मोजावी?

शेवटचा मुद्दा सरकारचा. हे काम नगरपालिकेचे आहे, तुम्ही का करता, असे काही सुशिक्षित मित्र म्हणतात. दिल्लीत थंडीने माणसे मरत असताना २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांबाबत आदेश दिले. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे बारमाही चालणारा एक निवारा असावा, असे ठरले. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजनाही आली. जामा मशिदीच्या परिसरातले सरकारी रैनबसेरे आज दिल्लीला भेट देणारा कोणीही पाहू शकतो. पण एका लाखाच्या हिशेबात आर्वीसारखे गाव बसत नाही. थंडीला मात्र लोकसंख्येची अट नसते. म्हणून माझे उत्तर असे आहे की निवारा हा त्या माणसाचा हक्क आहे आणि तो मागण्यासाठी आपण अर्ज करीत राहिले पाहिजे. पण अर्जाला उत्तर येईपर्यंतची रात्र कोणाच्या तरी छपराखाली जायला हवी. खैरात करणाऱ्याने हक्काची भाषा सोडू नये आणि हक्काची भाषा बोलणाऱ्याने आज रात्रीचे दार बंद ठेवू नये.

या सगळ्या प्रश्नांतून मला एकच गोष्ट हाती लागते. दीनच्या नावाने निवारा चालवायचा तर दीनचे ओझे कोणावर टाकायचे, हे आधी ठरवावे लागते. आपण ते सहज आत येणाऱ्यावर टाकतो. त्याने आपला असावे, नमाज पढावी, शुद्धीवर असावे, आभार मानावेत, कांबळे जपावे. हे सारे ओझे खरे म्हणजे दार उघडणाऱ्याचे आहे. नाव न विचारण्याचे, हात सोडण्याचे, तोंडावर उपकार न बोलण्याचे, धोक्यात मोठा वाटा उचलण्याचे. सुफ्फातल्या दुधाच्या पेल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भुकेने व्याकूळ झालेल्या अबू हुरैरांना (रजि.) प्रेषितांनी (स.) आधी सगळ्या सुफ्फावाल्यांना दूध पाजायला सांगितले. आपल्याला उरते की नाही या धास्तीने ते एकेकाला पेला देत गेले. त्यांची पाळी शेवटी आली आणि प्रेषितांची (स.) त्यांच्याही नंतर. वाढणाऱ्याने शेवटी प्यायचे, यापेक्षा मोठा नियम निवारा चालवणाऱ्याला लागत नाही.

आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत मशिदीला, दर्ग्याला किंवा मदरशाला लागून एखादी अशी खोली असतेच, जिच्यात जाजमे आणि जनाजाची खाट ठेवलेली असते. मेलेल्या माणसाच्या सोयीसाठी आपण जागा राखून ठेवतो, हे चांगलेच आहे. डिसेंबर आणि जानेवारी असे दोन महिने तीच जागा जिवंत माणसांना द्यायला कमिटीचा एक ठराव आणि दोन जागणारी पोरे पुरतात. ठराव लिहिताना एवढेच पाहावे की अटींच्या रकान्यात पहिले नाव आपले असावे.